तोम्पोकचा डबा आणि आईचं निमित्त

हैकल,

मी आईला आणायला इपोहला मावशीकडे निघाले. शुक्रवारी येऊ. तुला उठवलं नाही, उठवलं असतं तर भांडणच झालं असतं.

बोक्याच्या वाळूच्या डब्यात पंदनच्या पानांची जुडी खोचायची अक्कल तुझीच ना? ती सुवासासाठी गाडीत ठेवतात, कपाटात ठेवतात. त्या वासाने तोम्पोक डब्याकडे फिरकलाच नाही आणि आईच्या नमाजाच्या चटईवर मुतला. त्यावर तू फिनेल ओतलंस. शाबास!

डबा मी गरम पाण्याने, साध्या साबणाने धुऊन बाल्कनीत उन्हात ठेवलाय. सुकला की चार बोटं नवी वाळू घाल, बिनवासाची. सकाळ-संध्याकाळ वाळूतले घाणीचे गोळे काढ आणि पिशवीत बांधून खाली कचऱ्यात टाक. संडासात टाकलेस तर तो तुंबेल, मग तूच साफ करशील.

आई म्हणते, शुक्रवारी घरात वास आला तर बोका मावशीकडे जाणार. तिला वासाचा त्रास नाहीच रे. बाबा मशिदीतून यायच्या वेळेला तोम्पोक अजून दाराशी जाऊन बसतो, ते तिला बघवत नाही. बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले, ती एकदाही रडली नाही.

म्हणून घराला वास येता कामा नये. निमित्त उरलं नाही की तिला खरं काय ते बोलावं लागेल. बोलली की रडेल. तेव्हा चपला घालून बाहेर निघून जाऊ नकोस. तिच्याजवळ बस.

सुरैयाताई