बशीतले तीन ठिपके

प्रिय आईला वाकून नमस्कार,

मला प्रयोगशाळेतले जंतू चिकटतील ही भीती सोड. आम्ही त्यांच्यात असा बदल केलाय की इथलं खास खाणं मिळालं नाही तर ते मरतात.

परवा मात्र त्या खाण्याशिवाय ठेवलेल्या काचेच्या बशीत तीन ठिपके वाढलेले दिसले, म्हणजे काही जंतू जगले होते. बशी गुपचूप टाकली असती तर माझी रजा वाचली असती. पण मी ती आमच्या प्रमुख मॅडमना दाखवली. "बरं केलंस. आता सगळं पुन्हा तपासायचं," त्या म्हणाल्या. बाहेर काही गेलेलं नाही, खरंच.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मात्र मला येता येणार नाही. रागावलीस? दादा थांबेल ना जवळ? पट्टी निघाली की दोन ओळी लिही. दादाकडून लिहून घेऊ नकोस, मला तुझंच अक्षर बघायचंय.

तुझी,
धाकटी