गॅस की हृदय?

अन्नपूर्णा,

सालेकसाला जाताना फोन फ्रिजवरच विसरलीस, म्हणून ही चिठ्ठी. घाबरू नकोस. सकाळी तुझ्या नवऱ्याच्या छातीत दुखलं. तो नेहमीसारखा "गॅस आहे" म्हणाला, तरी जाऊन रक्त तपासून आला. रिपोर्ट चांगला निघाला, तेव्हा दहावी पास झालेल्या पोरासारखी त्याने गल्लीभर जिलेबी वाटली.

मग आपली नर्स सूनबाई रीना ड्युटीवरून आली. "बाबूजी, एकदाच रक्त देऊन घरी काऊन आले? हृदयाला मार बसला तरी रक्तात दिसायला वेळ लागते. पुन्हा तपासा लागते!" म्हणून रीना त्याला गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन चालली आहे. ऑटो दारात उभा आहे. नवरा स्वतःच्या पायांनी चालत त्यात बसणार आहे, याची नोंद घ्यावी.

वरण झाकून ठेवलं आहे. उरलेली जिलेबी डब्यात आहे. वाटलेली परत मागायला जाऊ नकोस.

महिनाभर तू हृदय म्हणते आहेस आणि तो गॅस म्हणतो आहे. संसारात आजवर प्रत्येक वेळी तुझंच खरं ठरलं. एवढा एक वाद त्याला जिंकू दे.

— वरील नवरा