बांधीतला मका

माय, यंदा मी धान काढल्यावर खालच्या बांधीत, धानाच्या खाचरातच, मका लावला. तू असतीस तर पहिल्याच दिवशी शेताच्या धुऱ्यावर उभी राहून विचारलं असतंस, बांधीत मका कायले? आमच्या घरच्यांनी, तुझ्या जावयांनीही, तेच विचारलं. पण दरवर्षी उन्हाळी धानाला बोडीचं, त्या एवढ्याशा तळ्याचं, पाणी पुरत नाही, अन् मका थोड्या पाण्यावर येतो हे मी कुणाकुणाच्या शेतात पाहून आले होते. नुसतं पाहून थांबले असते तर ठीक होतं. आमच्या बचत गटातल्या चौघींनाही मी मका लावायला लावला. तुझ्यासारखी मीही आता गावात शहाणी समजली जाते. कुणाच्या पिकावर काही दिसलं की बाया मलाच बोलावतात. किडीचं हिला कळतं, हिच्या मायलाही कळायचं, असं म्हणतात.

मका गुडघ्याएवढा झाला तेव्हा पानांवर पांढरट खिडक्या दिसू लागल्या. कुणीतरी पानाचा हिरवा भाग खरवडून नुसता पापुद्रा ठेवावा तशा. आठ दिवसांत पानांना ओळीनं भोकं पडली. हे सगळं अळीचं काम, एवढं तर मला कळलं. अळी म्हटल्यावर मला काय आठवणार? तू आठवलीस, अन् दोर आठवला. धान निसवल्यावर लष्करी अळी आली होती ते वर्ष. दिवसभर ती बुंध्याशी, मातीच्या भेगांत लपायची अन् अंधार पडला की लोंब्या कातरायची. तू बांधीत पाणी भरलंस तशा त्या धानावर चढल्या, मग पाण्यावर थोडं रॉकेल शिंपडलंस, दोराचं एक टोक माझ्या हातात दिलंस अन् समोरच्या धुऱ्यावर गेलीस. दोर धानावरून फिरतो, अळ्या टपटप पाण्यात पडतात, बगळे मागं मागं चालतात. मी त्यातल्या पाच-सहा उचलून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरल्या होत्या, मोठ्या झाल्यावर काय होतात ते पाहायला. तू बाटली पाहिलीस अन् धुऱ्यावरूनच ओरडलीस, "लोकायचे धान खाऊन राहिल्या अन् माही पोरगी त्याइले पोसून राहिली! दोर ताण!" बाटली तू रॉकेलच्या पाण्यात उपडी केलीस. मला फार राग आला होता. खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

तर मी मक्याच्या बांधीत पाणी भरलं. दोर ओढला. दुसरं टोक घरच्यांच्या हातात होतं अन् ते मुकाट्यानं ओढत होते, यावरूनच मला काहीतरी समजायला हवं होतं. मक्याची पानं दोराखाली वाकत होती, काही मोडत होती, पण पाण्यात एक अळी पडेल तर शपथ. मी म्हटलं, पाणी अजून दोन दिवस राहू दे. चौघींनाही तेच सांगितलं. दोघींनी भरलं. उरलेल्या दोघींची बोडीच्या पाण्याची पाळी यायची होती. तिसऱ्या दिवशी त्यातली एक, सगळ्यात लहान, धावत आली. "काकू, तुमचा मका पिवरा काऊन पडून राहिला? माही पाळी तं उद्या सकारी हाये. भरू का नको भरू?" मी म्हटलं, सांजेपर्यंत सांगते.

मग मी ते केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. एक झाड उपटलं, अंगणात आणलं अन् विळ्यानं मधोमध चिरलं. अळी तिथं वर, पोंग्यात बसली होती. पोंगा म्हणजे मक्याची कोवळी पानं जिथं एकमेकांत गुंडाळलेली असतात ती जागा. आपल्याच विष्ठेचा भुसा वर बुचासारखा लावून बाईसाहेब आत कोरड्या बसल्या होत्या. पाणी खाली, ती वर. बुडून मरत होती ती मक्याची मुळं. या अळीच्या कपाळावर इंग्रजी वाय उलटा काढलेला असतो अन् शेपटाकडे चार काळे ठिपके असतात, चौकोनात. आपल्या धानावरची ती अळी ही नव्हे. ही परक्या मुलखातून समुद्रापलीकडून आलेली, तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी. तुला ती माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

खरं तर लगेच उठून चौघींना सांगायला जायला हवं होतं. पण मी दुसरं झाड चिरलं, तिसरं चिरलं. प्रत्येकात मोठी अळी एकच. असं कसं? पानाखाली एक अंड्यांचा पुंजका सापडला, त्यात शंभरावर अंडी सहज असतील, अन् त्यावर मऊ करडी लव. पतंगीण आपल्या पोटाचे केस अंड्यांवर पांघरून जाते म्हणे. मग एवढी पिल्लं जातात कुठं? काही धाग्याला लोंबकळून वाऱ्यानं दुसऱ्या झाडावर जातात, हे मी नंतर पाहिलं. उरलेल्यांचं उत्तर बरणीनं दिलं. हो माय, मी पुन्हा बरणी भरली, या वयात. दोन अळ्या एका पानावर ठेवल्या होत्या. सकाळी एकच होती, अन् शेजारी दुसरीचं नुसतं टकुरं. उरलेली पुढं बरणीतल्या मातीत शिरली अन् तांबूस कोष झाली. थंडीमुळं वेळ लागला, पण एका संध्याकाळी काचेवर करडा पतंग बसलेला दिसला. माझी लहानपणची उत्सुकता इतक्या वर्षांनी फिटली. तेव्हाच्या अळ्या वेगळ्या होत्या, पण भांडायला तू आता कुठं आहेस? मातीतल्या कोषांना मात्र माझं ते पाणी बाधलं असेल का, हे मला अजून कळलेलं नाही. पुढच्या वर्षी दोन बरण्या लावून पाहीन.

झाडं चिरली त्याच दिवशी सांजेला मी चौघींना अंगणात बोलावलं. चिरलेली झाडं समोर मांडली अन् सांगितलं, पाणी भरू नका, ज्यांनी भरलं त्यांनी आत्ता जाऊन बांधीची पार फोडून पाणी काढून द्या. ज्या दोघींनी भरलं होतं त्यांची तोंडं उतरली. त्यांच्यातली एक म्हणाली, "काकू, तुमीच तं सांगतलं." अन् मी म्हटलं, "आमची माय असंच करायची न वं. तिनंच शिकवलं मले." किती सहज निघालं तोंडातून! मेलेल्या माणसावर घातलं की सगळे गप्प बसतात.

पण आपल्या शेजारची काकी ओट्यावर बसली होती. तिला आता दिसत नाही फारसं, ऐकू मात्र सगळं येतं. ती म्हणाली, "खोटं नको बोलू. तुह्या मायनं मक्याले कधी पानी नाही भरलं. घरामागच्या वाडीत लावे ते मका. पोंग्यात चुलीची राख टाके, चिमूट चिमूट, येका येका झाडात. अन् राखेची टोपली तुह्याच डोक्यावर राहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही जणी पाचही बांध्यांत फिरलो. बारीक रेती अन् राख कालवून पोंग्यापोंग्यात टाकली. ज्या तीन बांध्यांत पाणी भरलं होतं तिथं अर्धा मका गेला, अर्धा हिरवा होतो आहे. पाणी न भरलेल्या दोन्ही चांगल्या आहेत. बाया आता या राखेला तुझं नाव लावतात.

काकी बोलली तेव्हा सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, हो काकी, आठवते. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. दोर आठवतो, बाटली आठवते, तुझं ओरडणं शब्दन्‌शब्द आठवतं. त्या मक्याची चुलीवर भाजलेली कणसंही आठवतात. पण वाडीत मक्यावर वाकलेली तू अन् मागं टोपली घेऊन चालणारी मी, यातलं मला काहीच आठवत नाही, माय.