एकोणीस कलमांचा कागद

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. पाकिटाला तू चिकटपट्टीचे एवढे वेढे देतेस, की मागचं पत्र उघडायला मला भाजीची सुरी घ्यावी लागली. आत मजकूर काय, तर सगळं ठीक. इस्पितळात जखमा बांधायची सवय कागदावर काढू नये, ही विनंती.

आता आमची बातमी. तुझी वहिनी आणि मी वेगळे होत आहोत. घाबरू नकोस, एकही कपबशी फुटलेली नाही. भांडायला जो उत्साह लागतो, तो आम्हांला चौदा वर्षांत जमवता आला नाही. तिला नकाशांच्या कचेरीत बढती मिळाली, तीही सहा तासांवरच्या शहरात. जूनमध्ये ती जाईल.

वकील कशाला, यावर दोघांचं एकमत झालं. मी पंचवीस वर्षं छापखान्यात लोकांची मुद्रितं तपासतोय, तिचा हात रेघेला पक्का. तस्मात् दर रविवारी न्याहारी झाली की टेबलाशी बसून करारनामा आम्हीच रचला. एकोणीस कलमं, चार वेळा तपासलेली. सातव्यात शब्दकोश, बाराव्यात गच्चीवरच्या कुंड्या. तुझ्या वहिनीनं माझ्या भाषेचं कौतुक केलं, लग्नानंतर प्रथमच. महिनाअखेरच्या रविवारी सह्या. नक्कल सोबत आहे, वाचून धन्य हो.

लोभ वाढवायला सवड नसेल, तर आहे तेवढा टिकव.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

धन्य झाले नाही. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. शब्दकोश आहे, कुंड्या आहेत, शिवणयंत्राचं झाकणसुद्धा आहे. ठकी कुठे आहे? तुमची अकरा वर्षांची पोर एकोणीस कलमांत कुठेच राहत नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकातला गळलेला अनुस्वार तुला दिसतो, आणि स्वतःची मुलगी गळली ती दिसली नाही?

तुझ्यासारखे मला रोज भेटतात. आठवडाभर ताप अंगावर काढतात आणि मग स्ट्रेचरवरून सांगतात, की उगीच कोणाला त्रास नको म्हणून आलो नाही. आमच्याकडे एक वकीलबाई पट्टी बदलायला येतात. तुझं नाव न घेता त्यांना विचारलं, तरी त्यांनी ओळखून विचारलं, की भाऊ का. त्या म्हणाल्या, मूल असेल किंवा दोघांपैकी कोणी गाव सोडणार असेल, तर वकिलाकडे सहीच्या आधी जायचं, नंतर नाही. दोघांनी आपापल्या वेगळ्या वकिलाकडे. भांडण नाही म्हणजे वकील नको, असं नसतं. आणि घरच्या टेबलावर सही करून घटस्फोट होत नाही. तो न्यायालय देतं, आणि मुलाचं काय ठरलं ते विचारल्याशिवाय राहत नाही.

वहिनीलाही हेच लिहिलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, की बरं झालं, कोणीतरी विचारलं.

सही करू नकोस. रागावले आहे, पण माया तशीच आहे, तूही ठेव.

तुझी,
धाकटी

२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज्ञा शिरसावंद्य मानून वकिलाकडे जाऊन आलो. जिना अरुंद, बाहेरचं बाकडं त्याहून अरुंद. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, की तुमची केस किती वर्षांची. मी म्हटलं, अजून जन्माला यायची आहे. त्यांनी माझ्याकडे मत्सरानं पाहिलं.

वकीलसाहेबांनी लाल पेन्सिलीनं चौदा कलमं उडवली. भाषेबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग त्यांनी मुलीचं विचारलं. नजरचूक झाली, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, की दोघांचीही, आणि चारही वेळा?

मग एका कोऱ्या कागदावर प्रश्न लिहून दिले. ठकी कोणाकडे राहणार, शाळा कोणती, सुट्ट्या कशा, आजारी पडली तर डॉक्टरांना हो कोण म्हणणार. उत्तरं दोघांनी मिळून आणायची. नाही जमलं, तर तिचं भलं कशात ते बघून न्यायाधीश ठरवतील, आणि ती जाणती आहे म्हणून कदाचित तिलाही विचारतील. सह्या लांबणीवर पडल्या. तुझी वहिनीही तिच्या वकिलांना भेटून आली.

काल तो कागद मधे ठेवून आम्ही बसलो. पहिल्याच प्रश्नाशी अर्धा तास गेला, कोणीच काही लिहिलं नाही. तेवढ्यात ठकी आली. पेन्सिल कोणाला लागत नसेल तर चित्राला नेऊ का, असं तिनं विचारलं. आम्ही दोघंही एकदम म्हणालो, ने.

आता खरं सांगतो. ती नजरचूक नव्हती. ते कलम मी मनात कितीदा तरी लिहिलं, आणि दर वेळी ठकी आईबरोबर गेली. तिचा दमा, तिचा अभ्यास, तिच्या मैत्रिणींचे रुसवे, सगळं तिच्या आईला पाठ आहे. शाळा किती वाजता सुटते, हे मला अजून विचारावं लागतं. न्यायाधीशांनी विचारलं, तर ती आईचं नाव घेईल, आणि ते बरोबरच असेल. मला भीती त्याचीच वाटते.

लोभ या महिन्यात जरा जास्त लागेल.

दादा