माझा मागला सांगाडा

पालघर, २० ऑक्टोबर १९६६

श्री. तात्यासाहेब यांस, सप्रेम नमस्कार.

आपले गुडघे व सौ. विहीणबाईंचा दमा यांस उतार पडला असावा. माझी कंबर आहे तशीच आहे; तिची चौकशी करू नये. आपण लग्नातील मध्यस्थ दामूअण्णांना लिहून पाठविलेली हकीकत त्यांनी मला वाचून दाखविली. तीत एकच गोष्ट खरी आहे: आपली सही.

गेल्या दिवाळीत आपली ए.जे.एस. फटफटी माकुणसारच्या रस्त्यावर ‘किंचित कुरकुरली’ नव्हती. तिच्या सांगाड्याचा मागला भाग मोडला होता, आणि जावईबापू तिला बैलगाडीत घालून दिवाळसणाला माझ्या दारी उतरले. (बैलगाडी आपल्या हकिकतीतून गळली आहे.) जावयास सणाहून बैलगाडीने परत धाडणे मला बरे वाटेना. म्हणून मी माझ्या मॅचलेस फटफटीचा मागला सांगाडा सोडवून दिला. ‘परक्या घराण्याचा भाग केवळ भिडेखातर स्वीकारला’ असे आपण लिहिता. दोन्ही गाड्या विलायतेतील एकाच कारखान्यात, एकाच सांगाड्यावर घडतात. टाकीवरचे नाव व मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, जागा तेवढी निराळी. तो भाग बसविताना बोईसरचा रामकिसन मिस्त्रीही म्हणाला, ‘बाबूजी, नाम अलग है, हैं दोनों सगे भाई.’ हेच मी लग्नात सांगत होतो. परंतु आपण मंगलाष्टके चालू असतानाही ए.जे.एस.चे श्रेष्ठत्व सोडले नाहीत. (मॅचलेस अधिक चांगली, हे माझे तेव्हाचे विधान मात्र कायम आहे.)

तेव्हापासून माझी अर्धी गाडी ओटीवर विटांना टेकून उभी आहे. दांडी गावचा जिवल्या बोंबील घेऊन येतो आणि दर खेपेस विचारतो, ‘मास्तर, पुडनं फटफटी हाय, मागनं नाय. जाताव कुटं?’ घरातून आमची कामवाली गोजराबाई उत्तर देते, ‘जातात कुठे? वर बसतात आणि उतरून घरात येतात.’ हँडलवर तिचे पंचे वाळतात. मी आता वाद घालीत नाही.

परवा आमचा चि. एकनाथ बहिणीला, रत्नाला, आणण्यासाठी मुराळी म्हणून एस.टी.ने आला, तेव्हा ‘सुनेला न्यायचे तर घरची गाडी घेऊन या’ असे सांगून आपण त्यास चहावर परत पाठविलेत. घरची गाडी कोणत्या अवस्थेत आहे, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार?

आपला,
गंगाधर

ता. क. सांगाडा परत नको. मागे बसणाराचा भार ज्या भागावर पडतो, तो माझाच आहे. म्हणजे रत्ना आपल्या गाडीवर मागे बसून आली, तरी ती घरच्याच गाडीने आली. तिला उतरवून आपला पुढचा अर्धा भाग माझ्या मागल्यासकट लगेच परत न्यावा. चालविणारा जेवून गेला तर बरे.

ता. क. २. आपल्या हकिकतीतील तारखा दुरुस्त करून देतो.
लग्न: ७ मे १९६५. (आपण जून लिहिता, जूनमध्ये मांडव भिजला असता.)
सांगाडा दिला: १९६५च्या दिवाळीचा पाडवा, यंदाची होळी नव्हे.
रत्ना माहेरी आली: आपण ‘नुकतीच’ लिहिता. तीच गेली दिवाळी.
रत्नाचे पुढील येणे: येती भाऊबीज. ही तारीख अद्याप कोणी चुकविलेली नाही.