बांधावरचा ऐन

२२ नोव्हेंबर २००३

प्रिय मीना,

भात झोडून झालं. पेंढा माळ्यावर गेला. तुझं दिवाळीतलं पत्र मिळालं होतं, उत्तराला उशीर झाला. पत्र लहान होतं. बाळ बरं आहे, मी बरी आहे, आणि शेवटी एकच ओळ: पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, एवढं तरी तुम्हाला माहीत असेल. ती ओळ मी तुझ्या बाबांना वाचून दाखवली नाही. पण त्यांनी विचारलंच, "पोर रागावलीय ना गो?" मी हो म्हटलं. म्हणाले, "रागावू दे. रागानं दूध आटत नाय. काळजीनं आटतं." आता तुझा सव्वा महिना होऊन गेला. बाळ अंगावर नीट पितं असं तू लिहिलंस. म्हणून आता लिहिते. फोनवर हे सांगता आलं नसतं. फोन धाऊच्या दुकानात, आणि दुकानात कायम माणसं बसलेली. तिथं "सगळं बरं" याच्यापुढे बोलणं जात नाही.

वैशाखात आम्ही मुंबईला दवाखान्यात गेलो तेव्हा तुला अल्सर म्हणून कळवलं होतं. अल्सर नाही. पोटात गाठ आहे, आणि ती यकृतापर्यंत पोचली आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगायला लागले, तर हे मागून येऊन उभे राहिले. "साहेब, माझं हाय ते मलाच सांगा. नायतर हिला परत मलाच सांगायला लागंल." डॉक्टर हसले नाहीत. पावसाळा पुरा निघेल असं सांगता येत नाही, म्हणाले. परत येताना आसनगावला उतरलो. हे बाकावर बसले, पाणी प्यायले. "मंजे पावसात," एवढंच बोलले. मला वाटलं, घाबरले. ते लाकडाचा विचार करत होते.

गावात सरण रचायला तेच, हे तुला माहीत आहे. त्यांच्या आधी त्यांचे वडील. कोणी गेलं की घरटी एक लाकूड न्यायचं आणि रचायचं यांनी. उन्हाळ्यात त्यात विशेष काही नाही. पावसात आहे. आपल्या मसणवटीला छप्पर नाही. पत्रे मंजूर झाले असं तुझ्या लग्नाआधीपासून ऐकतो आहोत. पावसात घरोघरचं लाकूड ओलं. मग रॉकेल, जुने टायर, तुसाची पोती. भिमाच्या वडिलांच्या वेळी दुसरा दिवस उजाडला होता. सकाळी परत जाऊन भिमाला जे पाहावं लागलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पण पुढे वर्षभर तो नीट जेवला नाही.

दवाखान्यातून आल्यावर यांनी घरामागचा जुना आंबा पाडायला घेतला. भिमाला हाताशी घेऊन, बसत उठत. ढलपे करून पडवीच्या माळ्यावर रचले, चुलीचा धूर जातो त्या अंगाला. कोणी विचारलं तर सांगत, "चुलीला." मीही तेच समजले. मग एकदा चुलीला म्हणून ढलपा ओढायला गेले, तर तो मला उचलेना. चुलीचं लाकूड मनगटाएवढं असतं. हे मांडीएवढं होतं. मी खाली उतरले आणि भाकरी थापल्या. जेवताना त्यांनीच सांगितलं, "तुला रॉकेलच्या लायनीत उभी नाय करायची मला."

त्याच आठवड्यात त्यांनी तुझ्या सासूबाईंना निरोप दिला की बाळंतपण नाशिकलाच करा, इथे पावसात दवाखाना लांब पडतो. मी भांडले. लोक काय म्हणतील म्हटलं, पोर काय म्हणेल म्हटलं. ते म्हणाले, "पयलं पोर मांडीवर आन् बाप अंगणात आडवा. आसं आठवायचं का तिनं जल्मभर?" तुला कळवायचं नाही अशी शपथ त्यांनी मला घातली ती तेव्हाच.

श्रावणात बांधापलीकडची गोजर गेली. त्या दोघांचं भांडण मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहत आले. दर आवणीला, भात लावताना, ती बांधावर उभी राहून ओरडायची, "रघ्या, तुझा नांगर माझ्या खाचरात जेवाया येतो रे, पान वाढू का?" आणि हे तिकडून, "वाढ, पन मीठ नीट घाल!" तिला ताप आला, सापगावचा डॉक्टर आणेपर्यंत शुद्ध गेली होती. पाऊस आठवडाभर उघडला नव्हता. तिचा मंगळू कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर असतो. तो आला, आणि आपल्या ओटीसमोर भिजत उभा राहिला. मागितलं काही नाही. गावात कोरडं लाकूड कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कशासाठी आहे हेही तोवर कळलं होतं. म्हणून कोणी तोंड उघडत नव्हतं. घरटी एक म्हणजे आमचं घर एकच देणं लागत होतं. हे खाटेवरून म्हणाले, "मंगळू, माळ्यावर चढ. सगळी काढ." मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, "बांध खाल्लान माझा म्हातारीनं. आता लाकडंपन खाऊ दे." मंगळू रडता रडता हसला.

मग ते स्वतः गेले. चालवत नव्हतं, तर खुर्चीत बसवून न्यायला लावलं. हे भिमाने मला नंतर सांगितलं, की डोक्यावर इरलं घेऊन ते दगडावर बसले होते आणि एकेक सांगत होते. जाड खाली घाल. वारा येतो तिकडं फट ठेव. घाई करू नको, म्हातारीला कुठं गाडी पकडायचीय? सरण पेट घेईपर्यंत चौघांनी वर ताडपत्री धरली. दिवस मावळायच्या आत गोजर नीट गेली. मंगळूला दुसऱ्या दिवशी काही पाहावं लागलं नाही. घरी आल्यावर मी यांना गरम पाण्याने अंघोळ घातली. दातावर दात वाजत होते. म्हणाले, "आता थांबायला लागंल गो. भात कापल्याबिगर लाकूड वाळायचं नाय."

आणि ते थांबले. डॉक्टरांचा पावसाळा निघून गेला. गौरी-गणपती झाल्यावर उघडीप पडली तसा मंगळूने बांधावरचा ऐन पाडला. तोच, ज्याच्या सावलीत भात पिकत नाही म्हणून दोन्ही घरं भांडायची आणि पाला मात्र दोन्ही घरं तोडायची. कोणाचा होता हे आता कोणी विचारलं नाही. त्याने तो फोडून आपल्या अंगणात उन्हाला टाकला. सुट्टीला आला की हे त्याला सरण रचायला शिकवतात. चुलीजवळच्या काटक्या घेऊन सारवलेल्या जमिनीवर मांडून दाखवतात. मी एकदा ओरडले, घरात असलं अभद्र रचू नका. म्हणाले, "मंग काय मेल्यावर शिकवू?" मी ते काटक्यांचं सरण गोळा केलं आणि त्यावर चहा ठेवला. दोघांनी तो प्यायला.

दुखतं. गोळ्या आहेत, पुरत नाहीत. फार दुखायला लागलं की ते मला गोठ्यातलं काहीतरी काम सांगतात. मी जाते. हाक आली की परत येते. असं आमचं काही ठरलं नव्हतं. तू बाळंत झालीस तेव्हा धाऊ पळत सांगायला आला. यांनी पेढे आणायला लावले. धाऊ म्हणाला, काका, मुलगी हाय, बर्फी वाटतात. "मला बर्फी आवडत नाय," म्हणाले. त्यांना तेव्हा घोटभर पेजही जड जात होती. पेढ्याचा कण जिभेवर ठेवून बराच वेळ बसून राहिले. मीना, या माणसाला मी कधी मोठं मानलं नव्हतं. चांगलं मानलं होतं. बांधावरून भांडणारा, गुरांशी बोलणारा, बाजारातून नेमकी आणायची वस्तू विसरून येणारा. आता याच्यापेक्षा मोठा माणूस मला पाहायचा नाही.

ऐन वाळला का, असं ते रोज विचारतात. दिवाळीपासून मी रोज सांगते, ओला आहे. काल म्हणाले, दोन ढलपे आन बघू. मला नाही म्हणता आलं नाही. सुकं लाकूड एकमेकांवर आपटलं की खणखणतं, ओलं बद्द वाजतं. त्यांनी आपटले. आवाज पडवीभर झाला, पत्र्यावरच्या चिमण्या उठल्या. ढलपे त्यांनी मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "ओलं हाय गो अजून." मी म्हटलं, "हां. ओलंच हाय." ते कशासाठी थांबलेत हे त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. पण फाट्यावर आसनगावची जीप थांबल्याचा आवाज आला की मान तिकडे वळते. आता ती मानही हळू वळते. म्हणून शपथ मोडून लिहिते आहे. सासूबाईंना खरं काय ते सांग. गाडीने कसारा, तिथून आसनगाव. मंगळू स्टेशनवर उभा असेल. बाळाला टोपी घाल, घाटात गार आहे. लाकूड वाळलं आहे, मीना. ये.

तुझीच,
आई