मधल्या नावाची जागा

रवि. १ सप्टें. १९९१
कारखान्यात पाइप बनवायचं मशीन स्पेनहून आलं, त्याचं पुस्तकही स्पॅनिशमध्येच आलं. इंग्रजी प्रत म्हणे मागाहून. साहेबांनी स्टोअरमध्ये विचारलं, सुट्या भागांची यादी कोण लावेल? सगळे पंख्याकडे बघत बसले. मी म्हटलं, मी लावते. नसती हौस. आता पुण्याहून मागवलेली डिक्शनरी मांडीवर. दहावीला वैशाली, आणि मेहरूण भागातल्या या दोन खोल्यांत पाठांतर चाललंय तिच्या आईचं.
तोर्नीयो – स्क्रू. तुएर्का – नट. आगुआ – पाणी.

९ सप्टें.
ह लिहितात आणि म्हणत नाहीत. मग लिहितात कशाला? कोणाला विचारणार.
मुलगी म्हणजे 'इखा', ख घशातून. वै.ला तशी हाक मारली. म्हणाली, "आई, गुळण्या कर."

१८ सप्टें.
मशीन बसवायला इंजिनिअर येतोय. टेलेक्सवर नाव: खाविएर मोलिना ओर्तेगा. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सरळ आहे. स्टेशनवर धरायची पाटी, गेटपास, गेस्ट हाऊसची खोली, सगळं 'मि. ओर्तेगा' करून टाकलं. शिवाय एक वाक्य पाठ केलं, तुमचे वडील मोलिनासाहेब बरे आहेत ना.

२१ सप्टें.
पाटी वाचून गडी हसतच सुटला. ओर्तेगा ही त्याची आई. "तिला घ्यायला गाडी आली होती म्हणून कळवतो." मोलिना बरे आहेत का म्हटलं तर म्हणे, कुठला मोलिना, मीही मोलिनाच.
त्यांच्यात आडनावं दोन. आधी बापाचं, मागून आईचं. सगळे पास पुन्हा लिहिले. स्टोअरमधले दिवसभर मला 'मोलिनासाहेब' म्हणत होते. म्हणोत.

२४ सप्टें.
आज विचारलं, लग्नानंतर बाईचं काय? काहीच नाही म्हणाला. जे नाव जन्मापासून तेच मरेपर्यंत. दोनदा विचारलं, एकदा इंग्रजीत, एकदा डिक्शनरी बघून. उत्तर तेच.
हेवा वाटला. खोटं कशाला लिहू.

३० सप्टें.
दोन दिवस डोक्यात घोळत होतं ते आज बोलले. ओर्तेगा आईचं आडनाव खरं, पण आईला ते कुठून आलं? तिच्या बापाकडून. आणि खाविएरच्या मुलांना मोलिना मिळेल, त्यांच्या आईचं मिळेल, ओर्तेगा गळालंच की. त्यानं पाना खाली ठेवला. "बरोबर आहे," म्हणाला.
मग आपलं सांगितलं. मध्ये बापाचं नाव, आडनाव नव्हे, खुद्द नाव. त्याला फार नवल वाटलं. त्याच्या आईचं नाव अम्पारो. "माझ्या नावात ते कुठेच बसत नाही, जागाच नाही," म्हणाला. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आपल्याकडे जागा आहे, फक्त तिथे बाप बसलेला आहे.
मग त्यानं विचारलं, तुमचं नाव कोणी ठेवलं? सासरच्यांनी. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं लिहिलं, सुवर्णा. त्याआधी काय होतं? जुन्या पासाच्या पाठीवर लिहून दिलं, इंदू. त्यानं मोठ्यानं वाचलं. कारखान्यात हे नाव कधी उच्चारलं गेलं नव्हतं. चहाला गेले.

रवि. ६ ऑक्टो.
वै.ला सगळं सांगितलं. तिचा बोर्डाचा फॉर्म याच महिन्यात भरायचा. शाळेच्या दाखल्यावर आहे वैशाली रमेश सोनवणे. रमेश अकरा वर्षं सुरतेत, दुसरा संसार मांडून. वै.ला त्याचा चेहरा आठवत नाही.
"त्याचं नाव जन्मभर माझ्या मध्ये कशाला? तिथे तुझं घालू."
सर्टिफिकेटवर एकदा छापलं की पुढे सगळीकडे तेच. आनंद झाला आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम.

९ ऑक्टो.
शाळेत गेले. हेडमास्तर भला माणूस. त्यांच्या टेबलावर फॉर्म, त्यात 'वडिलांचे नाव' असा ठसठशीत रकाना. "अर्ज करा बाई, सोबत प्रतिज्ञापत्र आणि आईच्या नावाचा पुरावा. मी वर पाठवतो. होईलच असा शब्द देत नाही." मुदत २५ पर्यंत.

रवि. १३ ऑक्टो.
एसटीनं धुळे. अक्का, म्हणजे माझी आई, भावाकडे असते. तिच्या ट्रंकेत माझं दहावीचं सर्टिफिकेट सापडलं. इंदू नारायण बोरसे.
अक्का म्हणाली, "काय काम शे व माय? इतला सालमा कोनी इचारं नही."
सांगितलं. तिनं सर्टिफिकेट पदरानं पुसलं. मग, "मनाकरता तू इंदूच शे."
परतताना पारोळ्यापर्यंत उभी होते. सर्टिफिकेट पिशवीत, पिशवी छातीशी.

१५ ऑक्टो.
कोर्टाबाहेरचा टंकलेखक कागद बघून म्हणाला, "बाई, दहावी इंदू, रेशन कार्ड सुवर्णा, नोकरी सुवर्णा. तुमच्या प्रतिज्ञापत्रात उर्फ लावून देतो. मुलीच्या नावात उर्फ चालायचं नाही. एक ठरवून या."
सोपं आहे म्हटलं. इंदू.

१८ ऑक्टो.
मशीन सुरू. माझ्या यादीत तीनच चुका निघाल्या. खाविएर संध्याकाळच्या गाडीनं गेला. सगळ्यांदेखत 'सेन्योरा इंदू' म्हणाला. स्टोअरमधले एकमेकांकडे बघत राहिले. मी यादी फाइलला लावली.

रवि. २० ऑक्टो.
सोपं नाही. वै. म्हणते, सुवर्णा.
मी म्हटलं, ते त्या लोकांनी दिलेलं. रमेशला काढायचं आणि त्याच्या घरच्यांनी ठेवलेलं नाव मध्ये बसवायचं, याला काय अर्थ?
"मला काय माहीत कोणी दिलं? शेजारी तुला त्याच नावानं हाक मारतात. माझ्या शाळेच्या डायरीवर सही त्याच नावाची. तापात रात्रभर बसली ती सुवर्णा. इंदू कोण? मी तिला पाहिलेलंच नाही."
रागावले. भांडी घासायला घेतली. ती खोटं काही बोलली नव्हती, म्हणून जास्त राग.

२३ ऑक्टो.
दोघी एकमेकींशी जेवणापुरत्या बोलतोय. आज डबा भरताना वाटलं, या नावानं सतरा वर्षं जगले, नोकरी मिळवली, पोर वाढवली. ते त्यांचं राहिलं कुठे? आणि कारखान्यात पोचेपर्यंत पुन्हा वाटलं, नाही, इंदूच. तिला तर कोणी विचारलंही नव्हतं.

२४ ऑक्टो.
उद्या शेवटचा दिवस. अर्ज टेबलावर. वै.नं सगळा भरलाय, सुवाच्य. वैशाली, मग कोरी जागा, मग सोनवणे. पेन तिच्या हातात.
वाटलं सुवर्णा म्हणेल. मीही आज हो म्हणणार होते, खरंच.
ती म्हणाली, "तिच्याबद्दल सांग ना काहीतरी. कशी होती?"
कोणाबद्दल, हे कळायला मला वेळ लागला. मग एकदम काही आठवेना. शेवटी सांगितलं, इंदूला सायकल येत होती. हात सोडून.
वै.नं पेन ठेवलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.